तिसरा स्क्रू

प्रणिताला करंटची भीती वाटायची आणि दिवसभर तिचे हात करंटच्याच कामात असायचे.

भीतीला कारण होतं. भोसरीच्या कारखान्यात नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिनं बंद केलेल्या एका पॉवर सप्लायमध्ये हात घातला होता. स्विच बंद होता, प्लगही काढलेला होता, पण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहिला होता. ती मागच्या कपाटावर जाऊन आदळली. दोन दिवस उजव्या हातात चहाचा कप धरवत नव्हता. तेव्हापासून कुठलीही पेटी उघडली की ती एकाच ठिकाणी तीनतीनदा मीटर लावून बघायची.

नवऱ्याची बदली चांगी बिझनेस पार्कात झाली म्हणून ती सिंगापूरला आली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा आरतीच्या ऐन वेळी स्पीकर घरघरायला लागले. तिनं दहा मिनिटांत बिघाड शोधून काढला. तिथंच रघुवीर पेडणेकरांनी तिला हेरलं आणि आपल्या हाताशी घेतलं. वेंगुर्ल्याच्या या माणसानं तीस वर्षं बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून काढली होती आणि मग बायकोसह सिंगापुरातच मुक्काम ठोकला होता. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं एका खोलीचं वर्कशॉप होतं. रॉक बँडमधले गिटारवाले स्टेजवर वापरतात ते जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आणि टेप फिरवून आवाजाचा प्रतिध्वनी काढणारी यंत्रं ते दुरुस्त करायचे. नुसती दुरुस्ती नाही. कापड फाटलं असेल तर त्याच विणीचं कापड मिळवायचे, बटण हरवलं असेल तर तसंच ओतून घ्यायचे. आतले जुने भाग पोखरून त्यांच्या टरफलात नवे भाग लपवायचे. पेटी उघडली तरी ती १९६६ सालीच बंद केली होती असं वाटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

प्रणिता त्यांना काका म्हणायची. ती तिसऱ्यांदा मीटर लावायला लागली की काका हसायचे. "काय गो, पळून गेला तो करंट. आता काय त्याची वाट बघतेस?"

२०१६ सालच्या मार्चमध्ये ऑब्री आपला अँप घेऊन आले. एकोणसत्तर वर्षांचे, युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचे हे गृहस्थ तरुणपणी रविवार दुपारच्या नाचांना गिटार वाजवायचे, गायचे, आणि स्टेजवर कायम अनवाणी असायचे. त्यावरूनच लोक त्यांना ओळखायचे. त्यांचा अँप बहिणीच्या स्टोअररूममध्ये पंचेचाळीस वर्षं पडून होता. त्यात झुरळांची अंडी होती आणि समोरचं कापड हात लावताच भुगा होत होतं. काकांनी आणि प्रणितानं पाच महिने त्याच्यावर काम केलं.

अशा जुन्या अँपमध्ये एक धोका असतो. मेनच्या वायरीपासून थेट लोखंडी चासीपर्यंत, म्हणजे आतल्या सांगाड्यापर्यंत, एक कपॅसिटर जोडलेला असतो. त्या काळी गुणगुण कमी करायला तो घालत. तो फुटला की सगळ्या चासीत करंट उतरतो, आणि केबलमधून गिटारच्या तारांतही. वाजवणाऱ्याचे हात तारांवर असतात. गाण्यासाठी त्यानं अर्थिंगला जोडलेल्या माइकला ओठ लावले की करंट छातीतून पार होतो. म्हणून दोन उपाय करायचे. त्या कपॅसिटरचा एक पाय कापून तो नुसता शोभेला ठेवायचा, आणि तीन पिनांचा नवा प्लग लावून चासीला पक्कं अर्थिंग द्यायचं. आतलं काम काकांचं होतं. प्लग प्रणिताचा.

गुरुवारी ऑब्री अँप घेऊन गेले. शनिवारी दुपारी बुकित तिमाहमधल्या एका शाळेच्या मेळ्यात त्यांचा कार्यक्रम होता. पंचेचाळीस वर्षांनी ते त्या अँपवर वाजवणार होते.

शनिवारी काका वर्कशॉपमध्ये येत नसत. प्रणिता एकटीच होती. दीड वाजला होता, बाहेर मुसळधार पाऊस लागला होता, आणि ती डबा खाताखाता वर्कशॉपच्या फेसबुक पानासाठी ऑब्रींच्या अँपचे फोटो निवडत होती. पेटी उघडताना आणि बंद करण्यापूर्वी फोटो काढून ठेवायची तिची सवय होती.

बंद करण्यापूर्वीचा एक फोटो तिनं मोठा केला. डाव्या कोपऱ्यात तो तपकिरी, बोटाएवढा कपॅसिटर होता. त्याच्या शेजारी एक कापलेलं टोक होतं, त्यावर काकांनी नेहमीप्रमाणे काळी नळी चढवली होती. ती पुढच्या फोटोकडे जाणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. कापलेलं टोक जरा जास्तच खाली होतं.

तिनं पाच महिन्यांपूर्वीचा फोटो काढला. त्या जागी शेजारीशेजारी दोन रेषा होत्या. एक कपॅसिटरचा पाय, दुसरी जुनी, आता निरुपयोगी असलेली कापडी वायर. दोन्ही मळून एकाच रंगाच्या झाल्या होत्या. नव्या फोटोत एक कापलेली होती. कापलेली होती ती वायर. कपॅसिटरचा पाय जागच्या जागी होता.

निदान तिला तसं दिसत होतं. फोटो आणखी मोठा केला की नुसते ठिपके व्हायचे. तिनं चष्मा पुसला, स्क्रीन पुसली, पुन्हा बघितलं. घास तोंडातच राहिला होता. तिनं काकांना फोन लावला.

"काका, ऑब्रींच्या अँपमधला तो मेनचा कपॅसिटर तुम्ही कापलात ना?"

"कापला गो. का?"

"फोटोत वेगळंच दिसतंय. बाजूची वायर कापल्यासारखी दिसतेय."

काकांचा आवाज चढला. "चालत्या बोटीवर टॉर्च दातात धरून पॅनलं उघडलीयत मी. आता फोटो बघून तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. फक्त विचारतेय."

"आणि समजा राहिला असला, तरी अर्थिंग आहे ना? कपॅसिटर फुटला तर फ्यूज उडेल आणि अँप बंद पडेल, एवढंच. प्लग कोणी लावला? तूच ना?"

"हो."

"मग? तुझ्या प्लगवर तुझा भरवसा नाही?"

फोन बंद झाला.

काकांचं बरोबर होतं. अर्थिंग असेल तर माणसाला काही होणार नाही. प्लगमध्ये तीन स्क्रू असतात. गुरुवारी तिनं पहिली वायर लावली, दुसरी लावली. तेवढ्यात ऑब्री तासभर आधीच दारात येऊन उभे राहिले होते. आणि त्याच वेळी मुलीच्या शाळेतून फोन आला होता, ताप आलाय, घेऊन जा. फोन कान आणि खांदा यांच्यात धरून ती बोलत होती. हातात हिरवी-पिवळी वायर होती. ती तिनं भोकात घातली. आणि मग?

मग तिला आठवत होतं ते थेट प्लगचं झाकण बसवलेलं. मधला तिसरा स्क्रू तिला आठवेना. पिळला असणारच, हजारदा पिळलेला स्क्रू कोण लक्षात ठेवतं? नंतर काकांनी मीटर लावला होता आणि मीटर वाजला होता, म्हणजे अर्थिंग लागलेलं होतं. पण नुसती टेकलेली वायरसुद्धा मीटरला वाजवते. मग पेटी गाडीत चढते, उतरते, कोणी वायर ओढतं.

काकांची एक चूक असेल तर अर्थिंग सांभाळून घेईल. तिची एक चूक असेल तर कापलेला कपॅसिटर सांभाळून घेईल. दोन्ही असतील तर मध्ये काहीच उरत नव्हतं.

तिनं ऑब्रींना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग मेसेज केला, 'अँप चालू करू नका. माइकला हात लावू नका. मी येतेय.' मेसेजवर दोन राखाडी टिकमार्क आले आणि तसेच राहिले, म्हणजे तो कोणी वाचलाच नव्हता. मेळ्याच्या पत्रकावर शाळेचा नंबर होता, तिथे ऑफिसला शनिवारची सुट्टी म्हणून बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येत होता. आवाजाची चाचणी अडीचला होती. आता पावणेदोन.

तिनं मीटर, स्क्रूड्रायव्हर आणि टेस्ट लॅम्प पिशवीत टाकला. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये एक छोटा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. खाली धावली. पावसात टॅक्सी मिळेना. हिरव्या दिव्याच्या टॅक्सी येत होत्या आणि पुढच्या वळणावर कोणीतरी त्या अडवत होतं. पंधरा मिनिटं गेली. छत्री वर्कशॉपमध्येच राहिल्याचं तिच्या तेव्हा लक्षात आलं.

शेवटी एक टॅक्सी थांबली. म्हाताऱ्या चिनी ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे बघितलं. "हॉस्पिटल?"

"नाही, शाळा. प्लीज, लवकर."

टॅक्सीत तिनं डोळे मिटून गुरुवारची दुपार पुन्हा बघायचा प्रयत्न केला. डाव्या हातात प्लग. उजव्या हातात वायर. कानात शाळेतली नर्स बोलतेय. स्क्रूड्रायव्हर कुठे होता? तोंडात? टेबलावर? तिनं हवेत बोटं फिरवून बघितली, हातांना तरी आठवेल म्हणून. एकदा तिला वाटलं, पिळला होता, नक्की. पुढच्या सिग्नलला वाटलं, नव्हता.

आणि समजा सगळं ठीक असलं तर? ती भिजलेल्या कपड्यांत भर कार्यक्रमात जाऊन सगळ्यांसमोर सांगणार की काकांच्या कामावर विश्वास ठेवू नका. सिंगापुरात जुने अँप वापरणारी माणसं ती किती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. काकांनी पुन्हा तिच्याशी बोलावं तरी कशाला? परत फिरावं, असं एकदा मनात आलं. तिनं मोबाइल बघितला. टिकमार्क राखाडीच. दोन पंचवीस.

शाळेच्या गेटवर पाऊस थांबला होता, पण रस्त्यावरून पाणी वाहत होतं. गार्डनं हात आडवा केला. "तिकीट, मॅम?"

"मी अँप दुरुस्त करणारी आहे. स्टेजवर जायचंय. इमर्जन्सी आहे."

"नाव लिस्टमध्ये आहे का?" तो कागद उलटायला लागला. ओले कागद एकमेकांना चिकटले होते.

तेवढ्यात मैदानाकडून गिटार ऐकू आली. तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. जाड, किंचित फाटलेला, शेवटाला गोड होत जाणारा. पाच महिने रोज ऐकलेला. अँप चालू होता. जोवर गिटार वाजतेय तोवर ते उभे आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. वाजू दे. गार्ड बोटाला थुंकी लावून तिसरा कागद सोडवत होता.

गिटार मध्येच थांबली.

प्रणिता गार्डच्या हाताखालून पळाली. मागून त्याची हाक आली. मैदानात गवत चिखलात बुडालं होतं, खाऊच्या तंबूंवरून पाणी ठिबकत होतं. तिची एक चप्पल चिखलात अडकली ती तिथंच राहिली. समोर स्टेज होतं, वरती निळी ताडपत्री, खाली ओला लाल गालिचा. ऑब्री खाली पडलेले नव्हते. गिटार गळ्यात अडकवून, मान वाकवून एक तार जुळवत होते. अनवाणी. त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर माइक होता.

"मिस्टर ऑब्री!" तिचा आवाज फाटला. "माइकला लागू नका! मागे व्हा!"

त्यांनी वर बघितलं, तिला ओळखलं आणि हसले. "प्रणिता! ये, ये. ऐकलास ना आवाज? अगदी तोच!" असं म्हणत ते माइककडे झुकले, बहुधा तिचं नाव त्यातून पुकारायला.

"नाही!" ती किंचाळली. इतकी, की तंबूतली माणसं बाहेर आली. ऑब्री दचकून एक पाऊल मागे सरले.

साउंडवाला मिक्सरमागून उठला. कानात डूल घातलेला, तिशीचा, सिंगापुरी हेल काढणारा. "रिलॅक्स लाह, आँटी. काय झालं?"

"अँपमध्ये करंट आहे. कदाचित. आधी त्याचा प्लग काढा. तुम्ही तारांवरचे हात काढा, प्लीज, नुसते उभे राहा."

ऑब्रींच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "मघाशी माइकनं मला जरासा चिमटा काढला. ओठाला मुंग्या आल्या. मी याला म्हटलं, जुने दिवस परत आले. तेव्हा प्रत्येक माइक असाच चावायचा."

"मी त्यांना बूट घाला म्हटलं," साउंडवाला म्हणाला.

प्रणितानं अँपमागच्या प्लगकडे बोट दाखवलं. साउंडवाल्यानं प्लग ओढला, अँपचा लाल दिवा विझला, ऑब्रींनी गिटार उतरवून स्टँडवर ठेवली. मग तिनं सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. पिशवीतून टेस्ट लॅम्प काढून तिनं वायरींचा गुंता सोडवला. तिनं उरलेली चप्पल काढली, एक कोरडा लाकडी खोका शोधला आणि त्यावर उभी राहिली. लॅम्पची एक वायर माइकच्या जाळीला अडकवली, दुसरी गिटारच्या तारांना. कुठेही तिचा हात धातूला लागत नव्हता. तिनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं.

"आता लावा," ती म्हणाली.

साउंडवाल्यानं प्लग लावला.

बल्ब पेटला. मिणमिणता नाही, चांगला घरातल्या दिव्यासारखा. ढगाळ दुपारी गिटार आणि माइक यांच्यामध्ये तो शांतपणे जळत राहिला. साउंडवाल्यानं स्वतःहूनच प्लग उपटला आणि गरम भांडं टाकावं तसा खाली टाकला.

ऑब्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. ते आपल्या ओल्या पावलांकडे बघत होते. "मघाशी अँप नुकताच चालू केला होता," ते हळू म्हणाले. "तेव्हा नुसता चिमटा होता." त्यांनी पावलं खुर्चीवर ओढून घेतली.

प्रणितानं गालिच्यावर बसून प्लग उघडला. झाकण काढताच हिरवी-पिवळी वायर आपसूक बाहेर आली. तिसरा स्क्रू घट्ट पिळलेला होता. पण वायरीचं प्लास्टिक पुरेसं सोललेलं नव्हतं, आणि स्क्रूनं तांब्याऐवजी ते प्लास्टिकच चिमटीत धरलं होतं. त्यावर स्क्रूच्या टोकाचा गोल ठसा उमटला होता. तो स्क्रू तिनंच पिळलेला होता. काकांनी मीटर लावला तेव्हा तांब्याचे दोनचार केस टेकले असतील, आणि नंतर कोणीतरी वायर ओढली असेल.

मग तिनं अँपची मागची फळी काढली. कपॅसिटर पोटाशी फुगून उकलला होता; अँप तापत गेला तसा तो पुरता फुटला असणार. त्याचा पाय जागच्या जागी होता. कापलेली होती ती शेजारची वायर.

"कोणाची चूक?" साउंडवाल्यानं विचारलं. रागानं नाही, सहज.

"आमची," ती म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नाही. "अर्थिंगची वायर मी लावली होती."

ऑब्रींनी ऐकलं. दुसऱ्या एका बँडनं त्यांना आपला अँप दिला आणि चार वाजता त्यांनी त्यावर वाजवलं. बूट घालून. माइकपासून ते जरा लांबच उभे राहत होते, त्यामुळे मागच्या लोकांना गाणं नीट ऐकू येत नव्हतं. प्रणिता शेवटपर्यंत थांबली. ते माइकजवळ गेले की तिचे डोळे आपोआप मिटायचे.

सहा वाजता ती अँप घेऊन टॅक्सीनं काकांच्या फ्लॅटवर आली. दार आशालता काकूंनी उघडलं. प्रणिताचे चिखलानं भरलेले अनवाणी पाय बघून त्यांनी काही विचारलं नाही, फक्त बाजूला झाल्या. दोघींनी मिळून अँप आत घेतला. काका सोफ्यावर बसले होते. टीव्ही चालू होता, पण आवाज बंद होता.

"ऑब्री?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत."

काकांनी डोळे मिटले. मग उठून आले, अँपसमोर जमिनीवर बसले. उघड्या पेटीत त्यांनी हात घातला आणि अंगठा आणि तर्जनीनं आधी कापलेलं टोक चाचपलं, मग कपॅसिटरचा पाय. पुन्हा टोक, पुन्हा पाय. त्यांचा चेहरा कोरा होता.

"मला दोन्ही सारखेच लागतात," ते म्हणाले.

"म्हणजे?"

उत्तर काकूंनी दिलं. "दीड वर्ष झालं. बोटांची टोकं बधिर झालीत, शुगरमुळे. यांच्या शर्टाची बटणं मी लावते. डॉक्टर म्हणाले बारीक कामं बंद करा. हे म्हणाले, प्रणिताला सांगायचं नाही."

"डोळ्यांनी दिसतं ना," काका म्हणाले. "डोळ्यांवर चालवलं. आतल्या कोपऱ्यात डोळा पोचत नाही, तिथे बोटं लागतात." ते थांबले. "तुझा फोन आला ना, तेव्हा मला कळलं होतं. ओरडलो म्हणून काय. तू फोन ठेवल्यावर मी इथून हाललो नाही. दर वेळी फोन वाजला की हेच वाटतं, हा तोच फोन, कोणाला करंट लागल्याचा. दीड वर्ष."

फोन त्यांनी ठेवला होता, तिनं नाही. पण तिनं ते सुधारलं नाही. आठवड्यातले पाच दिवस ती या माणसाशेजारी बसत होती. तो तिच्या भीतीला हसायचा, आणि स्वतः तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. तिला त्यांचा राग आला, खूप आला, आणि त्याच वेळी तिला आपलंही सांगायचं होतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कापलेली वायर डोळ्यांसमोर होती, प्लगबद्दल कोणीच विचारलं नव्हतं.

"काका, अर्थिंगही नव्हतं." तिनं खिशातून प्लग काढून त्यांच्यापुढे ठेवला. "मी स्क्रू प्लास्टिकवर पिळला होता. शाळेचा फोन आला होता, पण ते कारण नाही. बघायला हवं होतं, बघितलं नाही. मी. सगळं तीनदा बघणारी."

काकांनी प्लग उचलला, चष्म्याजवळ नेऊन तो ठसा बराच वेळ बघितला. ती काहीतरी ऐकायच्या तयारीत होती. काकांनी फक्त प्लग खाली ठेवला आणि विचारलं, "दीड वर्षात आपण किती पेट्या दिल्या?"

"अकरा. ऑब्रींचा धरून."

"उरल्या दहा."

"हो."

"वही आण," काका काकूंना म्हणाले. आणि मग, खूप खालच्या आवाजात, "फोन मी करतो. तू करू नकोस. माझं नाव सांगून मीच करतो."

पहिला फोन जुरोंगच्या पत्र्याचे ड्रम बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या मॅनेजरला लागला, हौसेनं गिटार वाजवणाऱ्या. काकांचं बोटीवरचं ठसठशीत इंग्रजी त्या दिवशी अडखळत होतं. "मी दिलेला अँप लावू नका. माझे हात आता बरोबर नाहीत. मी येऊन बघतो." नऊ वेळा ते हे वाक्य बोलले; दहावा नंबर लागलाच नाही. पाचव्या फोननंतर काकूंनी त्यांना पाणी दिलं. दोन माणसं चिडली, एकानं फोन आपटला, एकानं विचारलं की आधी का नाही सांगितलंत. काकांनी त्याला उत्तर दिलं, "लाज वाटली."

पुढचे दोन आठवडे ती दोघं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरली. प्रणिता पेटी उघडायची, काका शेजारी टॉर्च धरायचे. सहा पेट्या ठीक होत्या. सातव्यात काकांचा सोल्डरचा एक टाका नुसता चिकटलेला होता, बोट लावताच सुटला. आठव्यात तिचा प्लग होता आणि तो ठीक होता, तरी तिनं तो बदलला. नववी ठीक होती.

दहावी पर्थला गेली होती. मालक तिकडे राहायला गेला होता, त्याचा जुना नंबर बंद होता. ई-मेलला उत्तर येत नव्हतं. तीन आठवडे प्रणिता रोज सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ई-मेल बघायची. रस्त्यात कुठे गिटार वाजताना ऐकू आली तरी तिचं पाऊल अडखळायचं. तिनं त्या माणसाच्या बँडमधल्या एकाला शोधलं, त्यानं भावाचा पत्ता दिला, भावानं नंबर.

एका मंगळवारी दुपारी, ती आणि काका वर्कशॉपमध्ये जेवत असताना मेसेज आला. तिकडच्या इलेक्ट्रिशियननं पेटी उघडली होती. कपॅसिटर कापलेला, अर्थिंग पक्कं. सोबत फोटो होता. प्रणितानं तो मोठा करून बघितला, मग मोबाइल काकांच्या हातात दिला. काकांनी बघितला आणि परत दिला. त्यांना पोळीचा तुकडा तोडता येत नव्हता, बोटं घसरत होती. तिनं त्यांच्या डब्यातली पोळी तोडून दिली आणि स्वतःच्या डब्याकडे वळली. दोघं जेवत राहिली.